टाकीवर सावली : आमच्या पालक-शिक्षक संघाच्या निधीच्या नोंदी

24 नोव्हेंबर 2024, रविवार

निवडणुकीच्या कामातून शिक्षक कालपरवा मोकळे झाले, आणि दिवाळीनंतरची पहिली पालकसभा आज झाली. विषय एकच, पाण्याचा. शाळेच्या मागे सिमेंटच्या ओट्यावर काळी टाकी उघड्यावर उभी आहे. फेब्रुवारी संपला की दुपारच्या सुट्टीत तिच्या नळाचं पाणी तोंडात धरवत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, पारा 44 च्या पुढे जातो. मुलं घरून आणलेली बाटली दहा-साडेदहापर्यंत संपवतात आणि मग घरी जाईपर्यंत तशीच राहतात. कोरड्या घशाने मुलं गणित शिकतात हे आई म्हणून मला बघवत नाही.

वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी मोजमाप करून दिलंय. टाकी आणि नळांच्या ओट्यावर पत्र्याचं शेड, पाइप, पाया, मजुरी धरून 41,500 रुपये.

पहिली सूचना आली की प्रत्येक घराकडून ठरावीक वर्गणी घ्या, दोन आठवड्यांत विषय संपेल. मी विरोध केला. आमच्या शाळेत केळीच्या बागाईतदारांची मुलं आहेत, तशीच घड वाहणाऱ्या मजुरांची आणि पाड्यावरून येणाऱ्या पावरा आदिवासी कुटुंबांचीही आहेत. ठरावीक आकडा लावला की ज्याला जमत नाही तो पालक सभेला यायचंच बंद करतो, आणि त्याच्या पोराला वर्गात "तुझे बाकी आहेत" ऐकावं लागतं. मुख्याध्यापक सरांनीही स्पष्ट सांगितलं की प्रवेशाच्या नावाखाली देणगी घेण्यावर महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानेच बंदी आहे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही ती आहे, आणि सक्तीचा वासही येईल असं काही या शाळेत होणार नाही.

दुसरी सूचना बक्षिसांच्या सोडतीची. पाच-दहा रुपयांची तिकिटं मुलांकडून विकून घ्यायची. तीही बाजूला ठेवली. परवानगीशिवाय लॉटरी काढणं कायद्यात बसत नाही, आणि पोरांना नशिबाची तिकिटं घेऊन दारोदार पाठवणं मला पटतच नाही.

मग मागच्या बाकावरून एक आई उठली. तिसऱ्या वर्षी तिचा मुलगा आमच्याकडे आहे, पण ती सभेत कधी बोललेली मी ऐकली नव्हती. म्हणाली, "मन्हाजोडे पैसा नही शेतस ताई, पन भाकरी जितल्या सांगशात तितल्या थापी दिसू." त्या वाक्यावर सभेचा रोख फिरला. कुणाच्या हाताला काय येतं, कुणाच्या शेतात काय आहे, कोणत्या महिन्यात काय निघतं, याची यादी फळ्यावर लिहायला घेतली. भाकरी, शिलाई, वेल्डिंग, टेम्पो, केळी, ज्वारी, गच्ची, मोठी पातेली. तासाभरात फळा भरला.

28 नोव्हेंबर, गुरुवार

काम सुरू होण्याआधी हिशेबाची पद्धत ठरवली. पैसे संघाच्या बँक खात्यातच जातील आणि दोन सह्यांशिवाय निघणार नाहीत, एक मुख्याध्यापकांची आणि एक पालक प्रतिनिधीची. क्यूआर कोडही त्याच खात्याचा. कुणाच्याही खासगी मोबाइल नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत. रोख आली तर पावती फाडायची. प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन दिवसांत जमा, खर्च आणि शिल्लक असा कागद शाळेच्या दर्शनी फलकावर लावायचा.

देणगीदारांच्या नावांचा फलक मात्र लावायचा नाही. एकाने 5,000 दिले आणि एकीने रात्रभर पीठ मळलं, तर यातलं मोठं कोण हे फलकावर सांगता येत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, काहींना नावं हवी होती. शेवटी सगळ्यांनी मानलं.

1 डिसेंबर, रविवार

रद्दीचा दिवस. खर्च शून्य, म्हणून सुरुवात यानेच केली. आठवडाभर आधी मुलांकडून घरी निरोप गेला होता: जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, खोकी, मोडके डबे, गंजलेलं लोखंड, जे असेल ते. एका पालकाने टेम्पो दिला. आठवीच्या मुलांनी आळीआळीने फिरून गोळा केलं आणि शाळेच्या ओट्यावर वर्गवारी केली. वर्तमानपत्रं वेगळी, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा. एकत्र दिलं की भंगारवाले सगळ्याला खालचाच भाव लावतात, वेगळं केलं की वर्तमानपत्राला चांगला भाव मिळतो. वह्यांतली कोरी पानं फाडून मुलींनी बाजूला काढली. ती शिवून कच्च्या कामाच्या वह्या झाल्या. ते आमच्या योजनेत नव्हतं, त्यांनाच सुचलं.

जमा 4,310.

5 डिसेंबर, गुरुवार

भरीत पार्टीची तारीख आम्ही मुद्दाम लांबवली होती. आमच्याकडे बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सुरू होतं. यंदा चंपाषष्ठी 7 तारखेला, शनिवारी. म्हणून आमचा बेत 8 तारखेला. आधी ठेवला असता तर निम्मी घरं आलीच नसती, आणि आजी-आजोबांशिवाय भरीत पार्टी कसली!

वांगी यावल तालुक्यातल्या बामणोदकडची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठ्या आकाराचं, कमी बियांचं हे वांगं भाजल्यावर लोण्यासारखं होतं. निम्मी वांगी एका पालकाच्या नातेवाइकांनी शेतातून दिली, निम्मी विकत घेतली. जळणासाठी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, गावातच मिळाल्या, कारण बागायती कपाशी उपटून हरभरा पेरणारे शेतकरी सध्या शेत मोकळं करतायत. पत्रावळ्यांवर खर्च करायचा नाही हे ठरलेलंच होतं. घड उतरवलेल्या केळीच्या खांबांची पानं कुणीही देतं.

कूपन मोठ्यांना 60, मुलांना 30. मुद्दाम कमी ठेवलं. आणि जे काम करतील त्यांचं जेवण कूपनशिवाय, हा नियम पहिल्यापासून.

8 डिसेंबर, रविवार

सकाळी सातला पटांगणाच्या कडेला पऱ्हाट्यांची आगटी लावली. भरीत गॅसवर भाजता येतं, पण ती चव येत नाही. पऱ्हाटीची आग भडकते लवकर आणि उतरतेही लवकर, त्यामुळे साल करपते आणि आतला गर वाफेवर शिजतो. वांग्याला दोन-तीन टोचे मारून थोडं तेल चोळायचं, देठ ठेवायचा. भाजण्याचं काम दोन आबांनी हातात घेतलं आणि दुसऱ्या कुणालाही आगीजवळ येऊ दिलं नाही. वांगं उलटायची वेळ ते रंगावरून नाही, आवाजावरून ओळखत होते. सालीतून सूं-सूं वाफ निघायला लागली की वांगं फिरवायचं.

साल काढायला मुलांची रांग बसवली. देठ धरायचा आणि वरून खाली साल ओढायची, हाताला चटका बसला तर शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायची. वांगं मात्र पाण्यात घालायचं नाही, धुरकट वास निघून जातो. हे एका आजीने इतक्या वेळा सांगितलं की दुपारपर्यंत पाचवीची पोरं एकमेकांना तेच बजावत होती. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची, लसूण आणि वांगं ठेचायचं. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात परतून त्यात हे मिसळायचं, वरून कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही. भरीत हिरवंच राहिलं पाहिजे.

भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून दळलेल्या पिठाची. सभेत बोललेली ती आई पहाटेच आली होती. तिच्याबरोबर तिच्या आळीतल्या आणखी काही जणी. तीन चुली मांडल्या, आणि त्यांनी थापायला घेतल्यावर भाकरी कधी कमी पडली नाही. बागाईतदारांच्या घरच्या काही बाया कूपन घेऊन जेवायला आल्या होत्या, त्या जेवून झाल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि थापायला लागल्या. एकाच शाळेच्या आया, पण एका चुलीपाशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला आज पैशांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतंय, आणि तसं मी सभेतही सांगणार आहे.

कूपनं: मोठ्यांची 180, मुलांची 95. जमा 13,650. वांगी, तेल, शेंगदाणे, खोबरं, दळण असा खर्च 4,940. शिल्लक 8,710.

21 डिसेंबर, शनिवार

मुलांचा आनंद मेळावा. पाळणे आणि फुगवलेले किल्ले आणणाऱ्या ठेकेदाराची चौकशी आली होती. त्याला नकार दिला. त्याच्या खेळांत पैसे जातात आणि मुलं नुसती गिऱ्हाईक होतात. आमचे खेळ मुलांनी स्वतः बनवले: रिकाम्या डब्यांचा मनोरा चेंडूने पाडणे, सायकलच्या जुन्या टायरमधून चेंडू टाकणे, मडक्यात नाणं, अहिराणी कोडी. एका डावाला 5 रुपये. कोड्यांच्या टेबलावर म्हाताऱ्यांचीच गर्दी, आणि पोरं त्यांना "आबा, एक आणखी सांगा" म्हणून सोडत नव्हती.

सगळ्यात जास्त रंगला तो केळीच्या घडाचं वजन ओळखायचा खेळ. एका शेतकऱ्याने सकाळीच कापलेला घड दिला, तो आंब्याच्या फांदीला टांगला. 10 रुपयांत चिठ्ठी. हात लावून, उचलून बघायचं आणि वजन लिहायचं. जवळचा आकडा लिहिणाऱ्याला घड. बागाईतदारांनी आपापसात पैजेसारखं घेतलं, कुणी फण्या मोजून गणित मांडलं, कुणी घेर हाताने मोजला. तेवढ्यात घड वाहायचं काम करणारे एक पालक आले. त्यांनी घड खांद्यावर घेतला, दोन पावलं चालले, खाली ठेवला आणि लिहिलं, साडेतेवीस किलो. काट्यावर भरला 23 किलो 400 ग्रॅम. त्यांच्या लेकीने, ती सहावीत आहे, ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. घड त्यांनी तिथेच सगळ्यांत वाटायला ठेवला.

पुढच्या वेळी करणाऱ्यांसाठी: बक्षीस कौशल्याला द्यावं, नशिबाला नको. खेळ रंगतो, आणि ज्यांना शाळेत मान मिळायची वेळ क्वचित येते ते लोक पुढे येतात.

मुलांनी खाऊचे काही स्टॉलही लावले होते. त्यांचं भांडवल त्यांना परत दिलं, नफ्यातला अर्धा त्यांचा, अर्धा संघाचा. सातवीच्या बाईंनी प्रत्येक स्टॉलकडून जमाखर्च लिहून घेतला आणि सोमवारी तोच गणिताचा तास करणार आहेत.

संघाकडे 3,640.

5 जानेवारी 2025, रविवार

संक्रांतीच्या वाणाची तयारी. हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, यंदा 4 फेब्रुवारीपर्यंत, आणि एवढ्या दिवसांत गावातली प्रत्येक बाई वाण म्हणून काहीतरी विकत घेतेच. बहुतेक प्लास्टिकचे डबे नाहीतर चमचे. मी घरी शिलाईकाम करते, म्हणून मीच सुचवलं: जुन्या साड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवू आणि वाण म्हणून विकू.

साड्या मागितल्या त्या सुती किंवा जाड पोताच्या. पातळ जॉर्जेटची पिशवी कांदे-बटाटे भरले की खाली लोंबते. पिशवीचं अंग साडीच्या मधल्या कापडाचं, दुहेरी. बंद काठाचे, कारण काठ मुळातच घट्ट विणलेला असतो, वेगळी पट्टी आणायची गरज नाही. बंद जिथे पिशवीला जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुलीची शिलाई. साधी एकेरी टीप मारली तर तिथूनच उसवतं. चार घरच्या मशिनी माझ्या ओसरीत आणल्या. ज्यांना मशिन येत नाही त्यांनी कापलं, इस्त्री केली, दोरे तोडले. एका मुलीने आपल्या आजीच्या जुन्या साडीची पिशवी ओळखली आणि पहिली तीच विकत घेतली.

25 रुपये एक.

6 फेब्रुवारी, गुरुवार

पिशव्या 210 गेल्या. जमा 5,250, दोरा आणि सुया 380. शिल्लक 4,870. मागणी अजून आहे, पण साड्या संपल्या.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर केळीचे वेफर्स विकले होते, त्याची नोंद राहिली होती. व्यापाऱ्याने कटाईत मागे ठेवलेली लहान कच्ची केळी फुकट मिळाली. केळी थेट तापल्या तेलावर किसायची, आधी किसून ठेवली तर काळी पडतात. तेल मात्र फार लागतं आणि महाग पडतं. शिल्लक 2,150. चांगलं आहे, पण कष्टाच्या मानाने कमी. नेहमीचा कार्यक्रम म्हणून मी सुचवणार नाही.

आतापर्यंत 23,680.

9 मार्च, रविवार

बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दोन रविवार आज पूर्ण झाले. खानदेशातून पुण्या-नाशकाला, सुरतला गेलेल्या घरांत बिबड्यांची आठवण उन्हाळा लागला की होतेच. फेब्रुवारीत आम्ही नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप टाकला: शाळेच्या आयांनी केलेले ज्वारीचे बिबडे, 280 रुपये किलो, पैसे आधी संघाच्या खात्यात. आलेल्या मागणीएवढेच करायचे, उरवायचे नाहीत. 42 किलोंची मागणी आली.

ज्वारी तीन दिवस भिजवायची, पाणी रोज बदलायचं. मग उपसून, निथळून दळायची. आंबूस वास आला म्हणजे बरोबर झालंय. रविवारी पहाटे चारला एका पालकाच्या अंगणात मोठी पातेली चढली. आधणात मीठ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, तीळ, आणि पीठ हळूहळू सोडत एकीने घाटा, म्हणजे ते शिजत घट्ट होणारं पीठ, हलवत राहायचं. हे हलवणं सोपं नाही, हात भरून येतात. म्हणून दर थोड्या वेळाने माणूस बदलायचा. यात बाप लोकांनाही उभं केलं, आणि त्यांनी मनापासून केलं. घाटा गरम असतानाच गच्चीवर नेऊन ओल्या धोतरांवर पाण्याच्या हाताने गोल गोल थापायचा. गार झाला की पसरत नाही. ऊन वर यायच्या आत थापणं संपलं पाहिजे. पोरांना राखणीला बसवलं, कावळे-चिमण्यांसाठी. अर्धे ओले बिबडे राखणदारांनीच खाल्ले, आणि ते तसंच असतं, त्यांचा तो हक्क आहे.

संध्याकाळी धोतराला मागून पाणी लावून बिबडे सोडवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवलं. पूर्ण कडकडीत वाळल्याशिवाय पिशवीत भरायचे नाहीत, नाहीतर बुरशी धरतात. ही काळजी घेतल्याशिवाय परगावी काही पाठवू नका.

जमा 11,760. ज्वारी थोडी देणगीत, थोडी विकत. मसाला, जळण, पिशव्या मिळून खर्च 2,300. शिल्लक 9,460. सगळं मिळून 33,140.

आणि आज घाटा हलवून झाल्यावर एका पालकांनी, जे स्वतः वेल्डिंग करतात, सांगितलं की मजुरीचे 10,300 मी घेणार नाही, सामान तेवढं आणा. अंदाज दिला तेव्हा शाळेत काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. आता त्यांचं घरच बिबड्यांच्या कामात दोन रविवार होतं.

23 मार्च, रविवार

शेड उभं राहिलं. पाइप, पत्रे, सिमेंट, नटबोल्ट मिळून 31,200. खड्डे दहावीच्या माजी विद्यार्थ्यांनी खणून ठेवले होते. पत्रा टाकीपासून दोन फूट उंच ठेवला, मधून वारा खेळावा म्हणून. टेकवून ठेवला असता तर तापलेल्या पत्र्याने टाकीही तापली असती. पश्चिमेच्या बाजूने पत्रा खाली झुकवला, कारण दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. टाकीभोवती पोती गुंडाळली. ती ओली ठेवायचं काम सहावी आणि सातवीने आळीपाळीने घेतलंय.

5 एप्रिल, शनिवार

शाळा सकाळची झाली. सुट्टीत नळापाशी रांग लागते. पाणी गार म्हणता येणार नाही, पण पिता येतं, आणि मुलं पितात. बाटल्या भरून वर्गात नेतात.

शिल्लक 1,940. आजच्या सभेत ठरलं की यातून नळांच्या तोट्या बदलायच्या, दोन गळतात. ते काम सोमवारी. सगळा हिशेब फलकावर लावला आहे. ज्यांना पावत्या बघायच्या त्यांनी कार्यालयात यावं.

जूनसाठी: साड्या आत्तापासून गोळा करायच्या, म्हणजे संक्रांतीला कमी पडणार नाहीत. बिबड्यांची मागणी जानेवारीतच घ्यायची. भरिताची तारीख पंचांग बघून, चंपाषष्ठीनंतरचा पहिला रविवार. भाकरीचं नियोजन पहिल्या सभेत बोललेल्या त्या ताईंकडे दिलंय. संघाच्या पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीत येण्याची तयारी त्यांनी आज लिहून दिली.

भरिताची मोठी पातेली अजून माझ्याकडेच आहेत. ज्यांची आहेत त्यांनी घेऊन जावीत.